साक्षीदार म्हणून माझी सही

माझ्या अक्काची गर्भपिशवी तिच्या सत्ताविसाव्या वर्षी काढली. मी तेव्हा एकवीस वर्षांची होते, नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला. ऑपरेशनच्या संमतीपत्रावर अक्कानं सही केली आणि खाली साक्षीदाराच्या ओळीवर मी केली. ज्या डॉक्टरीणबाईनं ते ऑपरेशन केलं, तिच्यावर मी सोळा वर्षांनी सूड उगवला. तो कसा, ते सांगायला बसले आहे. मन हलकं व्हावं म्हणून नाही. माझं मन त्या बाबतीत अजून हलकं झालेलं नाही, आणि व्हावं अशी माझी फारशी इच्छाही नाही.

आमचं घर बरकतपुऱ्यात. वडील मूळचे परभणीकडचे. रेल्वेत लागले आणि काचीगुड्याला आले ते इथलेच झाले. घरात मराठी, गल्लीत दखनी, बाजारात तेलुगू, अशा तीन भाषांत आम्ही दोघी बहिणी वाढलो. आई लवकर गेली. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, त्यामुळे माझी वेणी घालण्यापासून मला जामबागेतल्या शाळेत सोडण्यापर्यंत सगळं तिनंच केलं. बारावीनंतर तिनं शिक्षण सोडलं. घरात एकीचंच पुढचं शिक्षण जमणार होतं, आणि ती एकी मी असावी हे तिनं कुणाला न विचारता ठरवून टाकलं. मी नर्सिंगला गेले तेव्हा माझा पहिला पांढरा युनिफॉर्म तिनं इस्त्री केला आणि रविवारी विहारात चारचौघींना सांगितलं, की आमच्या घरात आता दवाखान्यातलं माणूस आहे.

तिचं लग्न आबिड्समधल्या एका कापडाच्या दुकानात नोकरी करणाऱ्या माणसाशी झालं. भाऊजी चांगले आहेत, पण डॉक्टरसमोर किंवा सरकारी खिडकीसमोर त्यांचं तोंड उघडत नाही. मुलगी झाली. ती चार वर्षांची झाल्यावर दुसऱ्याची वाट बघणं सुरू झालं, आणि त्याच सुमारास अक्काच्या अंगावरून पांढरं जायला लागलं. खाज सुटायची, कंबर दुखायची. शेजारणींनी पलीकडच्या रस्त्यावरचं नर्सिंग होम सुचवलं. तिथली डॉक्टरीणबाई बायकांत फार लाडकी होती. कडक कांजीच्या सुती साड्या नेसायची, गोड बोलायची, प्रत्येकीला ‘अम्मा’ म्हणायची.

तिनं अक्काला तीन प्रश्न विचारले. टेबलावर घेऊन तपासलं नाही, पोटाला हात लावला नाही. शेजारच्या खोलीत सोनोग्राफी झाली. मग तिनं सांगितलं, की पिशवीला सूज आहे, पिशवीच्या तोंडाला जखम आहे, ठेवली तर दोनेक वर्षांत कॅन्सर होईल. अक्का म्हणाली, मला अजून एक मूल हवं आहे. त्यावर डॉक्टरीणबाईनं तिच्या हातावर हात ठेवला.

“तुझ्या मुलीला भाऊ पाहिजे की आई पाहिजे, ते तू ठरव.”

अक्का त्या संध्याकाळी माहेरी आली. मी कॉलेजातून येऊन युनिफॉर्म न बदलताच चहा पीत होते. ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि तिनं विचारलं, “तू शिकतीस ना गं. काय करू मी?”

मला काय येत होतं? नाडी मोजता येत होती, बिछान्याचे कोपरे नीट दुमडता येत होते. पांढरं जाणं हा एक धडा होता आमच्या पुस्तकात, परीक्षेला न येणारा. मी म्हणाले, डॉक्टर सांगतात म्हणजे विचार करूनच सांगत असतील. अक्कानं मान हलवली. तिला दुसरं कुणाला विचारायचंच नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी भाऊजी सहीची ओळ बघून मागं सरले म्हणून साक्षीदाराची सही मी केली. मी नर्सिंग शिकते हे कळल्यावर डॉक्टरीणबाईनं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, “मग तू आमच्यातलीच.” त्या थापेचा मला अभिमान वाटला होता. घरी जाऊन मी वडिलांना ते सांगितलंही.

पाच दिवसांनी अक्का घरी आली. तिच्या डिस्चार्ज कार्डावर इंग्रजीत लिहिलं होतं, की गर्भपिशवी आणि दोन्ही बीजकोश काढले. बीजकोशांबद्दल आधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. मी ते वाचलं, मला ते कळलंही, आणि मी कार्ड घडी करून तिच्या कागदांच्या डब्यात ठेवून दिलं.

त्यानंतरची अक्का वेगळी होती. बोलता बोलता तिचं अंग पेटायचं, घाम फुटायचा. उन्हाळ्यात ती ओलं फडकं मानेवर टाकून फरशीवर पडून राहायची. चिडचिडी झाली. लहान मुलीवर हात उगारायची आणि मग स्वतःच रडायची. लोक म्हणायचे, दुसरं मूल नाही म्हणून मनाला लावून घेतलंय. मीही तसंच समजले. चौतिसाव्या वर्षी गॅसवरून कुकर उतरवताना तिचं मनगट मोडलं. पडली नाही, आपटलं नाही, कुकर उचलला आणि हाड गेलं. मी तेव्हा एका मोठ्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, तिला तिथंच नेलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून विचारलं, यांची पाळी कधी गेली? मी सांगितलं, सत्ताविसाव्या वर्षी, पिशवी आणि बीजकोश काढले तेव्हा. त्यांनी मान वर करून आधी तिच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, बीजकोश गेले की हाडं झिजतात, ही हाडं साठीच्या बाईची आहेत. बीजकोश कशाला काढले?

प्लास्टर ओलं असताना अक्का शांतपणे आपल्या बोटांकडे बघत बसली होती.

पुढं नर्स प्रॅक्टिशनरच्या प्रशिक्षणासाठी आमच्यातल्या काही जणींना निवडलं. दीड वर्षाचं प्रशिक्षण होतं. बाळंतपणं तर करायचीच, पण वस्तीतल्या बायकांच्या साध्या तक्रारी आपल्या हातानं तपासायच्या, नेमून दिलेली औषधं द्यायची, रक्तदाब, साखर, रक्त कमी असणं यावर लक्ष ठेवायचं, आणि जे आपल्या आवाक्यातलं नाही ते वेळ न घालवता मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, असं ते काम. एका सकाळी आमच्या शिक्षिका अंगावरून पांढरं जाण्याबद्दल शिकवत होत्या. आत दिवा धरून नीट बघा, रंग बघा, वास बघा, म्हणाल्या. बहुतेक वेळा जंतूंचा त्रास असतो. सात दिवसांच्या गोळ्या, त्याही नवरा-बायको दोघांना.

मी वही मिटली, बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं आणि तशीच उभी राहिले. सात दिवसांच्या गोळ्या. त्या क्षणी मला त्या डॉक्टरीणबाईचा चेहरा स्पष्ट आठवला, कांजीच्या साडीचा वास आठवला, आणि पाठीवरची ती थाप आठवली. मी रडले नाही. मी ठरवलं.

प्रशिक्षण संपल्यावर माझ्या बरोबरीच्या सगळ्या जणींना मोठी प्रसूती रुग्णालयं हवी होती. मी आमच्याच भागातला वस्तीतला दवाखाना मागून घेतला. दोन खोल्या, एक तपासणीचं टेबल, औषधांचं कपाट, आणि बाहेर पत्र्याखाली बाकडी. सकाळी एक तरुण वैद्यकीय अधिकारी असायचे. बायका त्यांना ताप-खोकला सांगायच्या, खालचं काही सांगायच्या नाहीत. ते समंजस होते. बायकांच्या तपासण्या तुम्हीच करा, म्हणाले, लिहून ठेवा, मी वाचून सही करीन. ते नर्सिंग होम तिथून चालत सात-आठ मिनिटांवर होतं. मी तो दवाखाना का मागितला हे मी कुणालाही सांगितलं नाही.

पहिली आली ती एक शिलाई करणारी बाई. वय एकोणतीस. ती माझ्याकडे फक्त रक्तवाढीच्या गोळ्या मागायला आली होती. ओपीडीची चिठ्ठी काढताना तिच्या पर्समधून दुसरा कागद डोकावला आणि वरचं त्या नर्सिंग होमचं छापील नाव मी ओळखलं. मी विचारलं, हे काय? ती म्हणाली, “कल पिशवी निकालनेकू बोले, बाजी.” बाजी म्हणजे ताई. उद्या सकाळी भरती होती. मी विचारलं, आतून तपासलं का? नाही. कशाचा त्रास आहे? पांढरं जातं.

मी तिला टेबलावर घेतलं. दिवा धरला, पिशवीचं तोंड पाहिलं. थोडी लाली होती, बाकी काही नाही. व्हिनेगरसारखं जे पाणी लावून कॅन्सरची शंका पाहतात ते लावून बघितलं, तिथंही काही उमटलं नाही. जंतूंचा त्रास होता. दोघांच्या गोळ्या दिल्या, नवऱ्याला बोलावून समजावलं, आणि दहा दिवसांनी यायला सांगितलं. ती आली तेव्हा हसत होती. म्हणाली, कंबरसुद्धा बरी आहे. ती गेल्यावर मी कपाटाचं दार उघडून उगीचच आत बघत उभी राहिले. तुझ्या टेबलावरची एक बाई मी उचलली, असं मी मनात त्या डॉक्टरीणबाईला म्हणत होते. ते इतकं गोड लागलं, की मला पुन्हा हवंसं वाटलं.

आणि पुन्हा पुन्हा मिळत गेलं. शिलाईवाल्या बाईनं जावेला पाठवलं, जावेनं मालकिणीला. बायका पदराखालून त्या नर्सिंग होमचे कागद काढायच्या आणि ‘जरा बघा’ म्हणायच्या. मी बघायचे. प्रत्येकीला विचारून कागदाची झेरॉक्स ठेवायचे. कागद कुणाचाही असो, ओळ तीच: पिशवी मोठी, तोंड खराब, काढणे योग्य. वय चोवीस असो की एकतीस.

या नादात माझ्या हातून एकदा चूक होता होता राहिली. तेही सांगितलं पाहिजे. चाळिशी उलटलेली एक बाई आली, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन फिरणारी. तिनं तो कागद पुढं केला, मी वरचं नाव वाचलं आणि तिला हात लावायच्या आधीच म्हणाले, ऑपरेशनची काही गरज नाही. तिनं सुटकेचा श्वास सोडला. मग सवयीनं मी तिला टेबलावर घेतलं आणि पोटावर हात ठेवला. बेंबीपर्यंत टणक गोळा लागला, पाच महिन्यांच्या गरोदर बाईसारखा. पापण्या ओढून पाहिल्या तर आत पांढऱ्याफटक. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन सहावर आलेलं. ती महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जात असताना पाटी उचलत होती. तिला ऑपरेशन लागणारच होतं. डॉक्टरीणबाईनं न तपासता सांगितलेलं या वेळी खरं निघालं होतं, आणि मीही न तपासताच नाही म्हणाले होते.

मी तिला सांगितलं, मी आत्ता जे बोलले ते चुकलं. मग स्वतः तिच्याबरोबर रिक्षात बसून तिला सरकारी प्रसूती रुग्णालयात घेऊन गेले. रक्त चढवून तिचं ऑपरेशन झालं, बीजकोश जागेवर ठेवून. त्या दिवसापासून मी एक नियम केला: कागद शेवटी वाचायचा. आधी बाई, मग कागद. माझा राग कमी झाला नव्हता. पण डॉक्टरीणबाईवर सूड घ्यायचा असेल तर माझ्या हातून एकही चूक होऊन चालणार नव्हतं. चूक झाली असती तर ती तिच्या पथ्यावर पडली असती.

वर्षभरात नर्सिंग होमच्या पायरीवरचा चपलांचा ढीग ओसरला. मी मुद्दाम त्या रस्त्यानं जायचे आणि चपला बघायचे. मग एक दिवस माझ्या नावानं नोटीस आली. डॉक्टरीणबाईनं तक्रार केली होती, की वस्तीच्या दवाखान्यातली एक नर्स स्वतःला डॉक्टर म्हणवते, रोगनिदान करते, आणि बायकांना आवश्यक ऑपरेशनांपासून परावृत्त करून त्यांचा जीव धोक्यात घालते. तीन आठवड्यांनी चौकशी होती.

नोटीस घेऊन मी अक्काकडे गेले. ती भाजी निवडत होती. मी वाचून दाखवली. झेरॉक्स आहेत ना, म्हणाली. आहेत, मी म्हणाले, पण ती म्हणेल, सोनोग्राफीत मला दिसलं आणि नर्सला दिसलं नाही. माझ्या डोळ्यांपुढं तिच्या मशीनची किंमत जास्त. मशीन खोटं बोलतंय हे कसं दाखवायचं?

अक्का शेंगांच्या शिरा काढत राहिली. सोळा वर्षांत त्या ऑपरेशनबद्दल ती माझ्याशी धड बोललेली नव्हती. मग तिनं हातातली शेंग खाली ठेवली.

“मी जाते तिच्याकडे. माझ्याजवळ आता काढण्यासारखं काही नाही.”

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा शेंगांची परात मी बाजूला सरकवली. मी म्हणाले, ती तुला ओळखील. अक्का म्हणाली, इतक्या जणींना कापलंय, कुणाकुणाला ओळखील?

दोन दिवसांनी ती गेली. खरं नाव सांगितलं, खरं वय सांगितलं, त्रेचाळीस. पांढरं जातं, कंबर दुखते, असं म्हणाली. मी समोरच्या औषधाच्या दुकानात उभी होते. पाऊण तासानं अक्का बाहेर आली आणि माझ्याकडे न बघता कोपऱ्यापर्यंत चालत गेली. मी मागोमाग गेले. तिनं सांगितलं, डॉक्टरीणबाईनं तेच तीन प्रश्न विचारले. पोट बघितलं नाही, साडीची गाठसुद्धा सैल करायला लावली नाही, म्हणजे जुना व्रण दिसायचा प्रश्नच नव्हता. शेजारच्या खोलीत एका बाईनं साडीच्या वर उघड्या राहिलेल्या पोटावरच थंड मलम लावून अर्धा मिनिट ते यंत्र फिरवलं. येत्या सोमवारी भरती व्हायला सांगितलं होतं.

रिपोर्ट मी तिथंच रस्त्यावर उघडला. गर्भपिशवी मोठी, सूज आहे. दोन्ही बीजकोश ठीक. खाली तिची सही.

मी हसायला लागले. अक्का हसली नाही. “हात लावला तिनं माझ्या हाताला,” ती म्हणाली. “तस्साच.”

चौकशी आबिड्सजवळच्या एका सरकारी कार्यालयात होती. अधिकारी स्वतः डॉक्टर होते, निवृत्तीला आलेले, हळू बोलणारे. डॉक्टरीणबाई वकिलाशिवाय आली होती, एवढी तिला खात्री होती. केस पांढरे झाले होते, साडी तशीच कडक. तिनं सांगितलं, की नर्सनं नर्ससारखं राहावं, इंजेक्शन द्यावं, बिछाना घालावा. डॉक्टरनं निदान केल्यावर नर्स ते खोडायला लागली तर आम्ही शिकलो कशाला?

मी माझं प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र ठेवलं. मला काय करता येतं आणि काय नाही याचे नियम ठेवले. प्रत्येक बाईची मी लिहिलेली तपासणी ठेवली, खाली वैद्यकीय अधिकाऱ्यांची सही असलेली. मग त्या सगळ्या झेरॉक्स एकाखाली एक मांडल्या. अधिकाऱ्यांनी चष्मा पुसून त्या वाचल्या. डॉक्टरीणबाई म्हणाली, आजार सारखा असेल तर रिपोर्ट सारखाच येणार.

तेव्हा अक्का उठली. तिनं नवा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि शेजारी तिचं जुनं डिस्चार्ज कार्ड. कडा झिजलेल्या, शाई उडालेली. अधिकाऱ्यांनी दोन्ही वाचलं, मग डॉक्टरीणबाईपुढं सरकवलं. तिनं कार्ड दोन बोटांत धरलं आणि म्हणाली, हे आमचं नाही. असं कार्ड कुणीही छापून आणील. ही बाई माझी जुनी पेशंट नाही, मी हिला ओळखतही नाही. अधिकाऱ्यांनी दोन्ही बाजूंना पंधरा दिवस दिले.

ते पंधरा दिवस मी नीट जेवले नाही. सरकारी दवाखान्यात अक्काची सोनोग्राफी करून घेतली. पिशवी नाही, बीजकोश नाहीत, असं तिथं लिहून मिळालं. पण डॉक्टरीणबाई काय उत्तर देईल तेही मला दिसत होतं: पिशवी काढलीय खरी, पण मी काढली नाही, आणि परवा आमच्याकडे आली ती हीच बाई कशावरून? तसं ती म्हणाली असती तर प्रकरण लोंबकळत राहिलं असतं.

पण ती तसं म्हणाली नाही. तिला माझा राग आला होता, आणि त्या रागानं माझं काम केलं.

दुसऱ्या वेळी ती एक पिवळी पडलेली फाइल घेऊन आली. बाकीचे जुने कागद तिनं कधीच टाकून दिले असतील, पण संमतीपत्रं ती जपून ठेवायची, स्वतःच्या बचावासाठी. तिनं एक कागद काढला आणि अधिकाऱ्यांना नाही, आधी मला दाखवला. तीच माझी एकविसाव्या वर्षाची सही, गोल गोल अक्षरांतली.

“या नर्सचा माझ्यावर व्यक्तिगत आकस आहे,” ती म्हणाली. “हा पुरावा. आपल्या बहिणीला ऑपरेशनसाठी हिनंच तयार केलं. साक्षीदार म्हणून हिचीच सही आहे. आता सोळा वर्षांनी मला दोष देते.”

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, सही तुमची? मी हो म्हणाले. आवाज माझा मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. शेजारी अक्का बसली होती. तिच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही.

अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट वाचला. मग डॉक्टरीणबाईला शांतपणे विचारलं, हे संमतीपत्र तुमच्याच नर्सिंग होमचं? हो. ऑपरेशन तुम्हीच केलंत? हो. याच बाईचं? हो, ती म्हणाली, म्हणून तर दाखवतेय. त्यांनी तो कागद खाली ठेवला, शेजारी गेल्या महिन्यातला रिपोर्ट ठेवला, वर सरकारी दवाखान्याची सोनोग्राफी.

“मग मॅडम, गेल्या महिन्यात ही पिशवी कुठून आली?”

डॉक्टरीणबाई म्हणाली, टाइप करणाऱ्याची चूक असेल. अधिकाऱ्यांनी विचारलं, आणि दोन बीजकोश? तिनं चष्म्यासाठी पर्समध्ये हात घातला, चाचपत राहिली. चष्मा तिच्या डोळ्यांवरच होता. मी ते सगळं डोळे भरून पाहिलं. मला आनंद झाला, हे लिहायला मला लाज वाटत नाही. ती बोटं पर्समध्ये फिरताना मी आजही हवी तेव्हा बघू शकते.

बाहेर व्हरांड्यात ती अक्काजवळ आली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. म्हणाली, तुझं वाईट व्हावं असं मला कधी वाटलं नव्हतं. तू घाबरली होतीस, तुझी भीती जावी म्हणून काढली.

अक्कानं पदर सावरला. “मी भ्याले ते तुम्ही बोलल्यावर, मॅडम. आत येताना मला नुसती खाज होती.”

परतताना रिक्षात मी म्हणाले, सही माझीच होती, अक्का. ती बाहेर बघत म्हणाली, माहीत आहे. “मनगट मोडलं ना, त्यानंतर वर्षभर मी तुझ्याशी कट्टी होते. तुला कळलंच नाही.” मी विचारलं, आणि आता? ती म्हणाली, आता कमी आहे.

महिन्याभरात ऑपरेशन थिएटरला सील लागलं, सोनोग्राफीच्या मशीनलाही. माझ्याकडे कागद ठेवून गेलेल्या बायकांपैकी तिघींनी पुढं येऊन जबाब दिले. सील लावायला माणसं आली त्या दिवशी मी अर्धी रजा काढली आणि युनिफॉर्ममध्येच समोरच्या फुटपाथवर चहाचा कप घेऊन उभी राहिले. तिनं मला बघावं अशी माझी इच्छा होती, आणि तिनं पाहिलं. अक्काला मी बोलावलं होतं. ती म्हणाली, मला भाकरी करायच्यात.

माझ्यावरची तक्रार निकालात निघाली. डॉक्टरीणबाईची नोंदणी काही काळासाठी स्थगित झाली, कायमची नाही. जन्मभरासाठी जावी असं मला वाटत होतं, अजून वाटतं. ज्यांच्या पिशव्या गेल्या त्यांच्या काही ठरावीक काळापुरत्या गेलेल्या नाहीत. तिच्यावरचं मुख्य प्रकरण कोर्टात अजून चालू आहे आणि प्रत्येक तारखेला मी हजर असते.

गेल्या वर्षी माझी बदली निघाली. मोठं रुग्णालय, नव्या नर्स प्रॅक्टिशनर मुलींना शिकवायचं काम. अक्का म्हणाली, जा आता, पुरे झालं, त्या बाईच्या दाराकडे बघत म्हातारी होणार आहेस का? भाऊजीही, कधी नव्हे ते, तसंच म्हणाले. मी विचार केला आणि अर्ज दिला, की मला इथंच राहू द्या. शिकायला येणाऱ्या मुलींना इथंच पाठवा, इथल्या टेबलावर शिकवीन. बदल्या बघणाऱ्या साहेबांनी विचारलं, कारण काय लिहू? घराजवळ आहे असं लिहा, मी म्हणाले.

अर्ज मंजूर झाला. आता दर तीन महिन्यांनी चार-पाच मुली येतात. मी त्यांना आधी हात धुवायला लावते, मग पोटावर हात ठेवायला शिकवते, आणि बाईनं आणलेला कागद उलटा ठेवून द्यायला सांगते. का ते सांगत नाही. त्या नर्सिंग होमच्या गेटला कुलूप आहे, पण पाटी अजून उतरवलेली नाही, वर नुसतं कापड गुंडाळलंय. स्थगितीची मुदत येत्या उन्हाळ्यात संपते. ती कापड काढेल तेव्हा आसपासच्या वस्त्यांतल्या दवाखान्यांत माझ्या हाताखाली शिकलेल्या किती मुली बसलेल्या असतील, हे मी रोज सकाळी दवाखान्याचं कुलूप उघडताना मनात मोजत असते.